महाड, १९२७ : काठी का उचलली नाही?

२० मार्च १९२७ च्या दुपारी महाडच्या डाक बंगल्यात डॉ. आंबेडकरांना एक निर्णय घ्यायचा होता. अस्पृश्यांच्या परिषदेला आलेली माणसं चवदार तळ्याचं पाणी घेतल्याबद्दल मार खाऊन पडली होती, मारणारे अजून रस्त्यावर होते आणि बंगल्याच्या आवारात जमलेल्या शंभरेक जणांना उलट मारायला फक्त होकार हवा होता. त्यांनी नकार दिला. हा नकार बहुतेक ठिकाणी अहिंसेचा विजय म्हणून सांगितला जातो. त्या दुपारी आणि पुढच्या दहा वर्षांत काय काय घडलं ते क्रमाने पाहिलं, तर ही मांडणी टिकत नाही. बाबासाहेबांनी हिंसेला तत्त्व म्हणून नकार दिला नव्हता. कोणती हिंसा कोणाच्या खात्यावर जाईल आणि त्यातून न्यायाच्या पदरात काय पडेल, याचा हिशेब त्यांनी केला होता. तो हिशेब मार्चमध्ये चोख ठरला. डिसेंबरमध्ये सत्याग्रह तहकूब करतानाचा मात्र वादाचा आहे.

हक्क कागदावर होता

४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सरकारने नेमलेल्या, कायद्याने स्थापलेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. पुढच्याच महिन्यात सरकारने त्याप्रमाणे आदेश काढला. पण त्यातली मेख अशी की, सरकारी मालकीच्या जागांपुरता तो आदेश होता, नगरपालिका आणि लोकल बोर्डांसाठी नुसती शिफारस. शिफारस न मानणाऱ्याचं काही बिघडत नव्हतं. म्हणून १९२६ मध्ये बोल्यांनी दुसरा ठराव आणला : अंमलबजावणी न करणाऱ्या नगरपालिकांचं अनुदान रोखा.

महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्येच चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता. तरीही तीन वर्षं एकाही अस्पृश्याने तिथलं पाणी भरलं नाही. बंदीचा कागद कुठेही नव्हता, पहारेकरी नव्हता, दंडाची पाटी नव्हती. पाण्याला हात लावला तर काय होईल, हे सगळ्यांना ठाऊक होतं, एवढ्यावर ही व्यवस्था चालत होती. हिंसा मोजताना नेमकी हीच बाब निसटते. ज्या गावात मारहाणीची एकही नोंद नाही ते गाव शांत असेलच असं नाही. मार इतका खात्रीचा असू शकतो की तो द्यावाच लागत नाही.

महाड तालुक्याचं ठिकाण आणि बाजारपेठ. आसपासच्या खेड्यांतले महार तिथे बाजाराला यायचे, आणि गावकीच्या कामालाही : टपाल पोचवायचं, वसुलीचा भरणा कचेरीत आणायचा. म्हणजे सरकारचं काम करायला आलेल्या माणसाला सरकारी ठरावाने खुलं असलेलं पाणी मिळत नव्हतं. अस्पृश्य वस्तीतली विहीर गावाच्या मध्यापासून दूर होती. मार्चच्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं, यावरून परिस्थितीचा अंदाज यावा.

२० मार्चची दुपार

१९ आणि २० मार्चला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी पुढाकार घेतला होता. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे सोबत होते. अडीच-तीन हजार माणूस जमला. दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी चित्र्यांनी सुचवलं की आता सगळ्यांनी मिळून तळ्यावर जावं. लोक रांगेने, शिस्तीत गेले. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं, मग इतरांनी. त्या वेळी कोणीही आडवं आलं नाही. गाव थक्क होऊन पाहत राहिलं.

साधारण दोन तासांनी अफवा उठली : हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव गोळा झाला. तोपर्यंत बरेच प्रतिनिधी गावी निघून गेले होते. उरलेले मंडपात जेवायला बसले होते. जमाव तिथे घुसला, शिजलेलं अन्न मातीत कालवलं, भांडी ठेचली, माणसांना झोडपलं. रस्त्यांवर दोन-चारच्या गटांत सापडलेल्यांनाही मारलं. कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला म्हणून ते वाचले. वीसेक जण गंभीर जखमी झाले. खेड्याकडे परतणाऱ्यांना वाटेतही मार बसला.

ज्यांना मारलं ते लढायला अजाण नव्हते. कोकणातल्या महारांत फौजेतून निवृत्त झालेल्यांची पिढ्यांची परंपरा होती. १८९० च्या दशकात त्यांची भरती थांबली, पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडलीही. परिषदेला असे पेन्शनर हजर होते. त्यामुळे दुबळेपणातून आलेला संयम हा आक्षेप इथे लागू होत नाही. पोलीस अधिकारी आणि मॅजिस्ट्रेट बंगल्यावर आले तेव्हा बाबासाहेबांनी त्यांना सांगितलं : त्यांना तुम्ही आवरा, माझ्या माणसांना मी आवरतो.

नकाराचा हिशेब

आधी कायदा पाहू. त्या वेळच्या भारतीय दंडसंहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ९६ ते १०६ मध्ये होता. मंडपात ताटावर बसलेल्या माणसाने डोक्यावर येणारी काठी हिसकावून उलट मारली असती, तर तो हक्क त्याला पुरेपूर होता. पण कलम ९९ दोन मर्यादा घालत होतं : सरकारी अधिकाऱ्यांकडे दाद मागायला वेळ असेल तर हा हक्क राहत नव्हता, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नव्हती. बंगल्यातून शंभर जण निघून बाजारपेठेत गेले असते, तर ती कृती या दोन्ही मर्यादांच्या बाहेर होती. मंडपातला प्रतिकार आणि बंगल्यातून निघालेला हल्ला यांत जेमतेम काही तासांचं अंतर, पण कायद्याने एक बचाव आणि दुसरा दंगा. वर कलम १४९ : बेकायदा जमावाच्या समान उद्देशासाठी एकाने गुन्हा केला तरी जमावातला प्रत्येक जण दोषी. ज्याने काठीला हातही लावला नाही, असा म्हातारा पेन्शनरही आरोपी झाला असता.

मग दोन्हीकडून गुन्हे दाखल झाले असते. अशा प्रकरणांत दोन जमातींतली हाणामारी अशी नोंद झाली की तळ्याचा हक्क बाजूला पडतो, कोणी आधी मारलं यावर साक्षी सुरू होतात आणि शेवटी दोन्ही बाजूंना समज देऊन फाइल बंद होते. गावकीच्या तंट्यांत हे आजही घडतं.

दुसरी गोष्ट संख्येची. महाडमध्ये त्या दिवशी हजारो लोक होते, पण दुसऱ्या दिवशी ते आपापल्या गावांत मूठभर घरांत विखुरलेले असणार होते. शहरात काढलेल्या वचप्याची किंमत खेड्यातल्या बायकापोरांनी मोजली असती. ज्याला प्रत्युत्तर द्यायचं त्याला ते नंतर टिकवताही आलं पाहिजे. हा युद्धशास्त्राचा साधा नियम न्यायाच्या चर्चेत क्वचितच येतो, कारण ती चर्चा सहसा एका प्रसंगाची होते, त्यानंतरच्या आठवड्याची नाही.

हिशेबाचं फळ लवकर दिसलं. ६ जून १९२७ ला हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. मार खाणाऱ्यांपैकी कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हतं, त्यामुळे खटला सरळ राहिला. पण जिल्ह्याचे मुख्य अधिकारी हिंदू असते तर हा न्याय मिळाला नसता, असं बाबासाहेबांनी तेव्हाच म्हटलं होतं. संयमाचं फळ यंत्रणा कोणाच्या हातात आहे यावर अवलंबून होतं, याची ही कबुली आहे, आणि या निर्णयाची सर्वांत कच्ची बाजूही हीच. अधिकारी वेगळे असते तर तोच संयम नुसता मार खाणं ठरला असता.

आणखी एक बाजू गौरवाच्या भाषणांत येत नाही. संयमाचा निर्णय एकाने घेतला, त्याची किंमत मात्र वाटेत मार खाणाऱ्यांनी आणि नंतर गावात बहिष्कार सोसणाऱ्यांनी दिली. निर्णय बरोबर होता असं म्हणतानाही ही किंमत कोणाच्या अंगावर पडली ते लिहून ठेवलं पाहिजे.

अहिंसा की नियम?

२८ एप्रिल १९२७ च्या ‘यंग इंडिया’त गांधीजींनी लिहिलं की कौन्सिल आणि नगरपालिकेच्या ठरावांची कसोटी पाहण्यात डॉ. आंबेडकर पूर्णपणे योग्य होते. अस्पृश्यांच्या संयमाचीही त्यांनी तारीफ केली. डिसेंबरच्या परिषदेच्या मंडपात फोटो लावला होता तो गांधीजींचाच. त्यामुळे महाड हा गांधीमार्गाचा प्रयोग असं समजणं सोपं जातं.

फरक असा आहे. गांधीजींच्या मांडणीत साधन आणि साध्य वेगळं काढता येत नाही, हिंसेने मिळवलेला न्याय तितक्या अंशी डागाळलेलाच राहतो. आंबेडकरांच्या मांडणीत आधी कार्य न्याय्य आहे का ते पाहायचं, मग साधन. आयुष्याच्या अखेरीस बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना त्यांनी हे स्पष्ट लिहिलं. बुद्ध हिंसेच्या विरुद्ध होता, पण न्यायाच्या बाजूने होता, आणि न्यायाला गरज असेल तिथे त्याने बळाच्या वापराला मुभा दिली. शांततेचे सगळे मार्ग खुंटल्यावर होणाऱ्या हिंसेची जबाबदारी युद्ध सुरू करणाऱ्यावर. फक्त ते युद्ध स्वार्थासाठी नसावं.

हीच जबाबदारीची वाटणी २५ डिसेंबर १९२७ च्या भाषणात दिसते. महाडच्या सभेची तुलना त्यांनी १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली. त्या सभेला रक्तपाताबद्दल दोष देणारे एक विसरतात : राजाने दगा दिला नसता आणि वरच्या वर्गांनी आडकाठी केली नसती, तर तिला हिंसेची गरज पडली नसती. आपली क्रांती शांततेची होईल की नाही, हे स्पृश्यांच्या वागण्यावर ठरेल. हा इशारा आहे, आणि तो देणारा माणूस अहिंसेला निरपवाद तत्त्व मानत नाही.

या मांडणीत एक धोका आहे. ‘सुरुवात त्यांनी केली’ हे वाक्य प्रत्येक दंगेखोर म्हणतो. महाडच्या जमावालाही वाटत होतं की तळं बाटवून सुरुवात अस्पृश्यांनी केली. म्हणून सवर्णांनी १०८ घागरी पंचगव्य तळ्यात ओतून ‘शुद्धी’ केली. तेव्हा जबाबदारी ठरवायला आधी हे ठरवावं लागतं की हक्क कोणाचा. इथे नगरपालिकेचा ठराव होता म्हणून उत्तर सोपं होतं. आणि नेमकं हेच उत्तर पुसण्यासाठी ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने १९२४ चा ठराव मागे घेतला. काठीने जे साधलं नाही ते बहुमताच्या मतदानाने साधलं, एकाही डोक्याला जखम न करता.

डिसेंबर : समोर सरकार उभं केलं

तळ्यावर पुन्हा जाण्यासाठी सत्याग्रहाची तारीख २५-२६ डिसेंबर ठरली. विरोधकांनी या वेळी काठ्यांऐवजी वकील गाठले. १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा, तळं सवर्ण हिंदूंच्या मालकीचं आणि वापरही त्यांचाच. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम. चाल फार हुशार होती. आता तळ्यावर जाणारा माणूस शेजाऱ्याशी नाही, न्यायालयाशी भांडणार होता. मनाई मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, दिवाणी तुरुंगही लागू शकतो. हुकूम अमलात आणायला पोलीस येणार ते सरकारचे.

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने १९१९ मध्ये म्हटलं होतं की राज्य म्हणजे वैध बळाची मक्तेदारी यशस्वीपणे सांगणारी संस्था. दोन वर्षांनी जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिनने पुढचा प्रश्न विचारला : कायदा घडवणारी हिंसा आणि कायदा राखणारी हिंसा यांत खरंच किती अंतर आहे? महाडमध्ये हे अंतर नऊ महिन्यांत मिटलेलं दिसतं. मार्चमध्ये रूढी लाठीने राखली गेली, डिसेंबरमध्ये तीच रूढी हुकुमाने. लाठीवाल्यांना शिक्षा झाली, हुकूम मागणाऱ्यांना न्यायालयाचं संरक्षण मिळालं. मागणी मात्र एकच होती.

बाबासाहेब २५ तारखेला पोचले. परिषदेला गावात जागा कोणी देईना, अखेर फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. रात्री मंडपासमोर सुमारे सहा इंच खोल, दीड फूट चौरस खड्डा खणून त्यात चंदनाची लाकडं रचली आणि मनुस्मृतीचं दहन झालं. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. या कृतीला काही टीकाकार ‘प्रतीकात्मक हिंसा’ म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. जाळण्यात कोणाचं शरीर, घर, अन्न गेलं नाही. गेला तो एका ग्रंथाचा नियम सांगण्याचा अधिकार. हाही कायदा घडवण्याचा दावाच आहे, फक्त बळाशिवायचा. मंडपातल्या अन्नात माती कालवणं आणि पुस्तक जाळणं यांना एका मापाने मोजणं म्हणजे मोजमापच सोडून देणं.

मनाई मोडायची की नाही यावर परिषदेत खडाजंगी झाली. ३,८८४ जणांनी सत्याग्रहासाठी नाव नोंदवलं होतं, म्हणजे तुरुंगाची तयारी होती. कलेक्टर स्वतः येऊन हुकूम मोडू नका म्हणून सांगून गेले. शेवटी न्यायालयाच्या निकालापर्यंत सत्याग्रह तहकूब झाला आणि लोकांनी पाण्याला न शिवता तळ्याभोवती मिरवणूक काढली. बाबासाहेबांचा युक्तिवाद होता की एकाच वेळी स्पृश्यांशी आणि सरकारशी, अशा दोन आघाड्यांवर लढता येणार नाही.

युक्तिवाद खरा आहे, पण मार्चइतका भक्कम नाही. मार्चमध्ये प्रत्युत्तर दिलं असतं तर हक्काचा मुद्दाच बुडाला असता. डिसेंबरमध्ये शांतपणे मनाई मोडून हजारो लोक तुरुंगात गेले असते, तर उलट तो मुद्दा देशभर गेला असता. १९३० मध्ये मिठाने तेच केलं. विरुद्ध बाजूला हेही आहे की मिठासाठी तुरुंगात गेलेल्याच्या घराला गाव आसरा देत होतं. महाडच्या सत्याग्रहीच्या घराचं पाणी, सरपण, मजुरी गावच तोडणार होतं. दोन्ही बाजू तोलल्यावर आम्ही तहकुबीला चूक म्हणणार नाही, पण तिची किंमत दहा वर्षं होती, हे दडवूही नये.

दहा वर्षांनी आलेला निकाल

मनाई फेब्रुवारी १९२८ मध्ये उठली, दावा मात्र चालूच राहिला. १९३१ मध्ये खालच्या न्यायालयात, १९३३ मध्ये ठाण्याला अपिलात, आणि शेवटी १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात सवर्ण वादी हरले. खंडपीठ न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांचं. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे.

निकाल वाचताना कारण नीट पाहावं लागतं. माणसाला पाणी नाकारणं अन्याय्य आहे, असं त्यात म्हटलेलं नाही. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे हे वाद्यांना सिद्ध करता आलं नाही, एवढंच म्हटलं आहे. ती सिद्ध झाली असती तर ती गैरवाजवी किंवा लोकधोरणाविरुद्ध आहे का याचा कदाचित विचार करावा लागला असता. शिवाय तळं कायद्याने नगरपालिकेकडे सोपवलेलं असण्याचा परिणाम आणि नगरपालिका पक्षकार नसताना दाद देता येईल का, हेही पाहावं लागलं असतं. पण ते प्रश्न आता उद्भवत नाहीत, म्हणून न्यायालयाने ते सोडून दिले.

म्हणजे हक्क मिळाला तो समोरच्याचा पुरावा तोकडा पडला म्हणून. जितका जुना अन्याय तितका त्याचा दावा मजबूत, असं हे रूढीचं शास्त्र होतं, आणि त्या चौकटीत राहून मिळालेला विजय दुसऱ्या तळ्यावर, जिथे पुरावा जुना असेल तिथे, कामाला येईलच असं नव्हतं. ज्यांना महाड म्हणजे कायद्याच्या मार्गाचा विजय वाटतो, त्यांनी या परिच्छेदापाशी थांबून विचार करावा.

सोडलेल्या प्रश्नाचं उत्तर

उत्तर आलं ते राज्यघटनेत. अनुच्छेद १३ ने घटनेपूर्वीचे मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे रद्द ठरवले आणि त्यात ‘कायदा’ या व्याख्येत कायद्याचं बळ असलेली रूढी आणि परिपाठही घातले. रूढी किती जुनी आहे हा प्रश्नच त्यामुळे निकालात निघाला. अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते नावानिशी आहेत. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी रक्तरंजित मार्ग सोडा म्हटलं, आणि सत्याग्रहही सोडा म्हटलं. घटनात्मक मार्ग उपलब्ध नव्हते तेव्हा त्यांना समर्थन होतं, आता नाही. हा निकष महाडला लावून पाहिला तर अडतो : १९२४ मध्येही ठराव होता, म्हणजे मार्ग कागदावर उपलब्ध होताच. त्यामुळे निकष वाचताना ‘उपलब्ध’ म्हणजे अमलात येणारा, असाच अर्थ घ्यावा लागतो.

अंमलासाठी काय लागतं हे नंतरच्या कायद्यांतून दिसतं. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याचं कलम ४ पाणवठ्यावरची अडवणूक गुन्हा ठरवतं. कलम १२ पुराव्याचा भार उलटा करतं : अडवलेली व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कृती अस्पृश्यतेच्या कारणाने झाली असं न्यायालय गृहीत धरतं आणि उलट सिद्ध करण्याचं काम आरोपीवर येतं. १९७६ च्या दुरुस्तीने कायद्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. त्याच दुरुस्तीने आलेल्या कलम १०अ मुळे सरकार एखाद्या भागातल्या रहिवाशांवर सामूहिक दंड बसवू शकतं, म्हणजे बघ्यांनाही हिशेबात धरलं. आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ४ कर्तव्यात कसूर करणाऱ्या, स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या सरकारी नोकराला सहा महिने ते एक वर्ष कैद सांगतं. तक्रार लिहून न घेणारा ठाणे अंमलदार या कलमात येतो.